पट्टीवर आलेली धडधड

दीपमालाच्या छातीत धडधड सुरू झाली आणि तिला चक्क आनंद झाला. आज ती थांबू द्यायची नव्हती!

दीपमाला दौलताबादच्या किल्ल्यावर गाइड. पण वर्षभर ही धडधड कधीही उठायची, म्हणून किल्ल्यावरच्या साहेबांनी तिला खाली तिकीट खिडकीवर बसवलेलं. डॉक्टर म्हणाले होते, "धडधड चालू असताना ईसीजीची पट्टी निघाली, तरच इलाज ठरवता येईल. चक्कर नसेल तर घरी काही करू नका, तडक या."

पण घरी सासूबाई होत्या ना! धडधड उठली की गीताबाई सुनेचं तोंड बर्फाच्या पाण्यात बुडवायच्या आणि ती जागच्या जागी थांबायची. मग दवाखान्यात ईसीजी एकदम नॉर्मल. गीताबाई गल्लीभर सांगायच्या, "काळजाला काय धाड भरली नाय. पोरगी भित्री हाय." हे दीपमालाला फार झोंबायचं.

आज गारखेड्यातल्या घरून दोघींची रिक्षा दवाखान्याकडे निघाली, तर गीताबाईंनी ती रसवंतीपाशी थांबवून बर्फाच्या पाण्याचा तांब्या आणलाच.

"आत्याबाई, खबरदार!" दीपमालाने तांब्या हिसकावून रस्त्यावर उपडा केला.

"अगं, जीव जाईल तुझा!"

"नाय जात. फारूखभाई, पळवा!"

"पकडके बैठो!" म्हणत फारूखभाईंनी रिक्षा अशी पिटाळली की गीताबाईंचा पदर बाहेर फडफडू लागला.

दवाखान्यात तारा लागल्या, पट्टी सरकली आणि डॉक्टर ओरडलेच, "सापडली! मिनिटाला एकशे नव्वद. हृदयात विजेची एक जादा वाट आहे, ठोके तिच्यात गोल फिरतायत."

धडधड थांबवायला आधी त्यांनी तिला सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायला लावलं, पाय वर धरले. उपयोग शून्य. मग इंजेक्शन काढलं. "क्षणभर जीव गेल्यासारखं वाटेल."

वाटलंच! दीपमालाने गच्च डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावरचे ठोके शहाण्यासारखे चालत होते.

"आता दोन मार्ग," डॉक्टर म्हणाले. "रोज गोळ्या, त्यानं त्रास कमी होईल. नाहीतर मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळायची. थोडा धोका असतो, पण बहुतेकांची कायमची सुटका होते."

आता सासूबाई मोडता घालणार, या धास्तीने दीपमालाने त्यांच्याकडे पाहिलं. गीताबाई पट्टी हातात धरून रडत होत्या.

"एवढं काळजात घेऊन पोरगी सैपाक करायची, साहेब," त्या म्हणाल्या. "अन् मी तिला भित्री म्हनत व्हते. जाळा ती वाट!"

"पेशंटनं सांगायला हवं, आजी."

दीपमाला तारांसकट उठून बसली. "कवा जाळता?"