कंपाउंडरच्या नावाचं पत्र

कंपाउंडर काकांनी कात्रण टेबलावर ठेवलं आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"हे मी कधी लिहिलं, ताई?"

वर्तमानपत्रातलं वाचकांच्या पत्रांचं पान एकोणीस वर्षं ज्या उपसंपादक बाई सांभाळत होत्या, त्यांना कचेरीत सगळे टपालताई म्हणत. त्यांनी कात्रण पुढे ओढलं. पत्र सोमवारच्या अंकातलं होतं. 'वस्तीतला जुना दवाखाना आता कालबाह्य झाला आहे. मोबाइलवर डॉक्टरांचा सल्ला मिळत असताना नगरपालिकेने हा पांढरा हत्ती पोसू नये.' खाली काकांचं नाव, घर क्रमांकासकट पत्ता, आणि वर 'निवृत्त कंपाउंडर' अशी पदवीही.

त्या दवाखान्यात काकांनी एकतीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधल्या होत्या. तो बंद होऊ नये म्हणून दोन वर्षं ते पानपानभर पत्रं लिहीत होते. 'लांबी जास्त' असा शेरा मारून ताईंनी त्यातली बहुतेक फायलीत लावून टाकली होती.

तीन महिन्यांपूर्वी कचेरीत नवी संगणक प्रणाली आली. पत्रं निवडायला मदत होईल म्हणून मालकांनी जुनी फाइल मागितली, आणि ताईंनी ती नाव, पत्ता, विषय असं सगळं नीट लावून दिली. तेव्हापासून रोज सकाळी पडद्यावर तयार पत्रं येत. लांब पत्रं प्रणालीच आखूड करते, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी फक्त शुद्धलेखन बघायचं. हे पत्रही त्यांच्याच हाताखालून गेलं होतं. एक स्वल्पविराम काढताना त्या मनाशी म्हणाल्याही होत्या, काका शेवटी थोडक्यात लिहायला शिकले. काकांनी मत फिरवलंय, हे लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. पण पान छपाईला सोडायची घाई होती.

"घरी काय म्हणाले?" ताईंनी विचारलं.

"घरचं सोडा, ताई. पण चौथ्या घरातली आजी आहे ना, वीस वर्षं शुगरच्या गोळ्या दिल्या मी तिला. तिनं दारातच विचारलं, किती मिळाले?"

काकांचा आवाज चढला नव्हता. ते टेबलाच्या कडेवरून नुसतं नख फिरवत होते.

"आज साडेचारला नगरपालिकेत सुनावणी आहे, दवाखाना ठेवायचा की पाडायचा याची. त्यांच्या फायलीत हे कात्रण लागलंय. आतल्या माणसाचंच मत म्हणून."

ताई उठल्या आणि तडक संपादकांच्या केबिनमध्ये गेल्या. संपादकांनी कात्रण वाचलं, न वाचल्यासारखं बाजूला ठेवलं.

"खुलासा छापला तर उद्या पन्नास जण दारात उभे राहतील."

"म्हणजे अशी पन्नास पत्रं आहेत?"

संपादकांनी मोबाइल उलटा करून ठेवला. "शब्द त्यांचे नसतील, ताई. पण हल्ली लोकांचा कल तोच आहे. प्रणाली कल पकडते. दवाखान्याचा विषय आला, तुमच्या फायलीत कंपाउंडरचं नाव होतं, तिनं ते लावलं."

"कल पकडा की खुशाल. माणसाची मान कशाला पकडता?"

"त्यांचं पुढचं पत्र चौकटीत छापू. फोटोसकट. खूश होतील."

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. कुणी कुणाचा खिसा कापला तर पोलीस येतात. इथे एका माणसाची जीभ काढून नेली, तिच्याकडून त्याच्याच घरादाराविरुद्ध बोलवून घेतलं, आणि त्याला म्हणायचं कल पकडणं! वर बक्षीस काय, तर फोटो.

त्या बाहेर आल्या तेव्हा काका पाण्याचा पेला हातात धरून तसेच बसले होते. पाणी प्यायले नव्हते.

"छापणार नाहीत," ताई म्हणाल्या. "पण मी लिहून देते. सुनावणीत दाखवा."

त्यांनी खणातून वर्तमानपत्राचं नाव छापलेला कागद काढला आणि भराभरा लिहिलं. 'सोमवारच्या अंकातलं पत्र सदर गृहस्थांचं नाही. संगणक प्रणालीच्या चुकीमुळे त्यांचं नाव त्याखाली छापलं गेलं.' सही करून कागद काकांपुढे सरकवला.

काकांनी तो डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. डॉक्टरांची चिठ्ठी वाचावी तसा, दोनदा. मग परत टेबलावर ठेवला.

"ही प्रणाली सुनावणीला येणार आहे का, ताई?"

"म्हणजे?"

"चुकीची पुडी गेली, तर बाटलीनं चूक केली असं आम्हाला सांगता यायचं नाही. ज्याच्या हातून गेली त्याचं नाव लागायचं."

ताईंचे कान तापले. एवढा वेळ त्या संपादकांवर, मालकांवर, त्या पडद्यावर चिडून होत्या, आणि ते चिडणं फार सोयीचं होतं. त्यांनी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर लिहायला वेळ लागला. 'हे पत्र या गृहस्थांनी लिहिलेलं नाही. त्यांना न विचारता त्यांच्या नावावर ते मी छापायला पाठवलं. त्यांची खरी पत्रं दवाखाना चालू ठेवा म्हणणारी आहेत, आणि ती मी छापली नाहीत.'

काकांनी वाचलं. मान हलवली.

"शिक्का लागेल," ते म्हणाले. "नुसत्या सहीला तिथे कोण विचारतं?"

शिक्का संपादकांच्या टेबलावर असे. ताईंनी दारावर टकटक केली नाही. संपादक फोनवर होते. कुणाला तरी हसून हो हो म्हणत होते. त्यांच्या समोरचा शिक्का उचलून ताईंनी आपल्या सहीवर दाबला, तेव्हा त्यांनी फोनवर तळवा धरला.

"हे काय चाललंय? नोकरी जड झालीय का?"

ताईंनी कागद उचलला. शाई ओली होती. ती फिसकटू नये म्हणून तो दोन्ही हातांनी आडवा धरून त्या बाहेर आल्या.

"चला," त्या काकांना म्हणाल्या. "मी येते. विचारतीलच ते, या कागदातली 'मी' म्हणजे कोण."