पाचशे चाळीस उठाबशा

पहिल्या दिवशी आकांक्षा मैदानावर म्हणाली, "चला, उठाबशा काढू," आणि चौदाही पोरींनी मुकाट्यानं कान धरले. डाव्या हातात उजवा कान, उजव्या हातात डावा. एकीनं तर खाली मान घालून विचारलंही, "बाई, आमचं काय चुकलं?"

खरं तर हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप. हिंगोलीकडच्या साखरा गावाच्या पुढं माळावरची ती आश्रमशाळा, आजूबाजूच्या तांड्यांवरच्या आणि वस्त्यांवरच्या पोरी, आणि पहिलीपासून त्यांनी उठाबशा एकाच कारणासाठी काढलेल्या. उशीर झाला, काढा. पाढा चुकला, काढा. जेवणाच्या रांगेत बोललीस, काढा. पायांत ताकद यावी म्हणूनही कुणी उठाबशा काढतं, हे त्यांच्या कानावरून कधी गेलंच नव्हतं. जाणार कसं, कान धरलेले होते ना!

आकांक्षा कळमनुरीची. कॉलेजात असताना चांगली फुटबॉल खेळायची. एका सामन्यात वळता वळता गुडघा निसटला आणि खेळ संपला. पुढं बी. पी. एड. करताना तिला कळलं, की पायांत ताकद घातली असती तर तो गुडघा कदाचित टिकला असता. तिच्या शिक्षकांनी तिला नुसतं पळवलं होतं. ऊर फुटेस्तोवर पळवलं, पण पाय कसे घडवायचे ते एकानंही सांगितलं नाही. हा राग पोटात घेऊनच ती दोन हजार दोन साली शिक्षणसेवक म्हणून या शाळेत लागली होती.

तिनं स्वयंपाकघरातून लाकडी पाट मागवले. एकेक पाट एकेकीच्या मागं ठेवला.

"पाटावर बसायला जातो तशी आधी कंबर मागं. टाचा उचलायच्या नाहीत. गुडघे एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत, पायाची बोटं जिकडं तिकडंच गुडघा. छाती समोर. पाटाला टेकलं न टेकलं की उठायचं. हात समोर धरा. जिचा हात कानाला लागेल ती मैदानाबाहेर!"

एका रविवारी त्या चौदा जणींतल्या निलमची आई रुख्मिणीबाई लेकीला भेटायला आली. कडेला उभी राहून तिनं हा प्रकार पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"बाई, हे काय शिकवायचं व्हय? आमी दिवसभर सोयाबीन खुरपतो, अश्याच बसतो. टाच उचलली की माणूस तोंडावर फेकल्या जाते."

आकांक्षानं तिला तिथंच बसायला लावलं. रुख्मिणीबाई घागरा सावरून खाली बसली, दोन्ही टाचा जमिनीला घट्ट, पाठ ताठ, आणि तशीच हात न टेकता उठली. पुस्तकातलं चित्र तरी इतकं चोख असेल का! निलम लाजून लाल झाली. आई आपल्या बाईंना शिकवते म्हणजे काय!

पण तिला ते सगळ्यांत आधी जमलं. दोन महिन्यांनी पाट गेले, खांद्यावर वाळूची पिशवी आली. आधी पाच किलोची, मग दहाची. वर्षभरात निलम अशी झाली, की समोरून कुणी धडकलं तर धडकणारीच बाजूला पडायची. आकांक्षाचं एक वाक्य तिनं पाठ करून ठेवलं होतं: "मोजून घेतलेलं मधात सोडायचं नाही."

दोन हजार चार साली पोरींनी हिंगोलीत जिल्हा जिंकला आणि निलमला औरंगाबादच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात राहायचं आणि बारावीपर्यंत तिथंच शिकायचं. नाही झाली तर दहावीनंतर लग्न. तिचा बाप वसराम तसा शब्दाचा पक्का. त्यानं आकांक्षाला तोंडावर सांगितलं होतं, "निवड झाली तं शिकू दे तिला. न्हाई झाली तं मला आडवू नका." चाचणी शनिवारी होती.

त्याच आठवड्यात तांड्यावर तीज होती. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, नाचतात, गातात आणि शेवटी वाजतगाजत विसर्जन करतात. निलम शेवटच्या दोन दिवसांची परवानगी घेऊन गेली. तांड्याच्या नायकानं विसर्जन एक दिवस पुढं ढकललं. आता आपल्या नावानं घरच्यांनी नऊ दिवस जपलेली तीज कुणी दुसरीच्या हातात देऊन येतं का? ती राहिली, आणि बुधवारी सकाळी ऐन प्रार्थनेच्या वेळी फाटकातून आत आली.

आकांक्षा त्या दिवशी चाचणीच्या अर्जावर शिक्के घ्यायला हिंगोलीला गेली होती. संध्याकाळी काळी-पिवळी जीपमधून उतरली तर फाटकावरचा शिपाई जळबा तिच्याकडं बघेना.

"काय झालं जळबाभाऊ?"

"काही न्हाई बाई."

"काही नाही तर खाली काय बघता?"

जळबानं टोपी काढली, परत घातली. "हेडसरांनी निलमला शंभर उठाबशा सांगितल्या. कान धरून, समद्या शाळेपुढं. तुमाला तं ठावं हाय, बाकीच्या पोरी पन्नास-साठला बसतात खाली, रडतात, मंग सर सोडून देतात. ही पडंच ना, बाई. शंभर झाल्या तरी नीट उभी. पोरींनी टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मंग सर पेटले. म्हणले, फुटबॉलचा माज आला का? अजून शंभर. ते झाले, अजून शंभर. पडल्याबिगर सोडत न्हाई म्हणले. मला म्हणले, तू मोज."

"किती झाल्या?"

"पाचशे चाळीस." जळबानं टोपी पुन्हा काढली. "शेवटी पाय वळून पडली. मीच मोजून राहिलो व्हतो."

आकांक्षाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चुकलं म्हणून शंभर, हे एक वेळ समजू. पण उरलेल्या चारशे चाळीस कशाच्या? त्या न पडल्याच्या होत्या. पोरीच्या पायांत बळ आहे हे त्या माणसाला सहन झालं नाही, एवढाच तिचा गुन्हा. पोर रडली असती, हात जोडले असते, तर याच माणसानं मोठ्या मनानं माफी दिली असती आणि दुपारी दोन घास जास्त जेवला असता.

निलम वसतिगृहात सतरंजीवर पडली होती. मांड्या टणक, सुजून तट्ट झालेल्या. नुसतं बोट लावलं तरी ओरडत होती. आकांक्षाला पाहून ती उठायला गेली, उठता आलं नाही.

"बाई, टाच उचलली न्हाई मी. एकदाबी न्हाई."

आकांक्षा तिच्याजवळ खाली बसली. तिनं पोरीच्या केसांतून हात फिरवला आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले.

सकाळी निलमला लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. हिंगोलीच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या नांदेडला न्यायला सांगितलं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी आकांक्षाला बाजूला घेऊन समजावलं, की एका दमात इतकं केल्यामुळं मांड्यांचं मांस आतून फुटलंय, त्याचा गाळ रक्तात उतरलाय आणि तो गाळून गाळून किडन्या थकल्यात. "वेळेवर आणलंत. पण तीन महिने पळायचं नाव काढायचं नाही." शनिवारी औरंगाबादला पोरी चाचणी देत होत्या, तेव्हा निलम सलाईनची बाटली बघत पडली होती.

सोमवारी हेडसरांनी आकांक्षाला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. 'क्रीडा शिक्षिकेने सरावादरम्यान दिलेल्या अति व्यायामामुळे विद्यार्थिनीची प्रकृती बिघडली.' खाली सहीसाठी जागा सोडलेली.

"हे खोटं आहे सर."

"खोटं?" हेडसरांनी सरावाची वही पुढं सरकवली आणि पानावर बोट ठेवलं. "हे अक्षर कुणाचं? उठाबशा साठ. उठाबशा ऐंशी. रोज तुम्हीच काढायला लावता की मॅडम. वरून वाळूच्या पिशव्या. एखाद्या दिवशी पोरीला सोसलं नाही, त्यात मी काय करू?"

अक्षर तिचंच होतं. पण पहिल्या महिन्यात तिनं 'स्क्वॉट' लिहिलं होतं, आणि याच माणसानं लाल शाईनं गोल करून शेरा मारला होता, 'मराठी शब्द वापरावा'. तिनं आज्ञाधारकपणे उठाबशा लिहिलं. मोजून, टाचा-गुडघे सांभाळून, मध्ये दम खाऊ देऊन घेतलेला व्यायामही उठाबशा, आणि चारशे पोरांपुढं कान धरून इज्जत काढली तीही उठाबशा. एक शब्द काय सापडला, लागले वडाची साल पिंपळाला लावायला!

"पाचशे चाळीस मी नाही काढायला लावल्या. जळबाभाऊंनी मोजल्यात."

"जळबा काही बोलणार नाही. त्याला दोन पोरं आहेत." हेडसरांनी चष्मा पुसला. "आणि तुमचं हे तिसरं वर्ष. कायम करायचं की नाही, तो अहवाल माझ्या सहीनं जातो. सही केलीत तर एक ताकीद मिळेल, बस. पोरीच्या बापालाही मी समजावतो. उद्यापर्यंत विचार करा."

कागद घेऊन ती बाहेर पडली. नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसली आणि कळमनुरी मागं गेलं तरी तिला कळलं नाही. राग तर हेडसरांचा होताच. जळबाचा होता. तीज पुढं ढकलणाऱ्या नायकाचा होता, टाळ्या वाजवणाऱ्या पोरींचा होता. आणि या सगळ्यांच्या तळाशी तिला स्वतःचा राग होता, तो सगळ्यांत कडू. मधात सोडायचं नाही, हे त्या पोरीच्या डोक्यात भरवलं कुणी? बाकीच्या पोरी शहाण्या. पन्नासला पडल्या, सुटल्या. मी हिला उभं राहायला शिकवलं आणि त्या उभं राहण्यानंच तिचा घात केला. मग सही केली तर खोटं ते काय? असाही विचार तिच्या मनात येऊन गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

वॉर्डात रुख्मिणीबाई खाटेजवळ उकिडवी बसली होती. निलम उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, पण नजर वेगळीच होती. आकांक्षा खाटेच्या कडेला बसली. कागद तिच्या पर्समध्ये होता.

"निलम, माझं चुकलं गं," ती म्हणाली. "मी तुला एक गोष्ट शिकवलीच नाही. पडायचं होतंस ना तू. पन्नासला बसायचं खाली. खोटं खोटं पडायचं. सुटली असतीस. शनिवारी औरंगाबादला असतीस."

निलमनं तिच्याकडं असं बघितलं, की आकांक्षाला ती आपली विद्यार्थिनी वाटेना.

"मी काहून पडू?"

"अगं, पण—"

"मी काहून पडू बाई? मला दम व्हता. मी उशिरा आले, शंभर सांगितल्या, शंभर काढल्या. पुढं थांबायचं त्याला व्हतं. त्यानं थांबायचं व्हतं. तुमीबी मलाच सांगून राहिल्या, पड म्हणून?"

हेडसरांना 'त्यानं' म्हणणारं त्या शाळेतलं हे पहिलं लेकरू. रुख्मिणीबाईनं दचकून लेकीला गप्प करायला हात वर केला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तो हात तिनं तसाच खाली घेतला.

"त्याचं भेव वाटते सगळ्यांना म्हणून मी पडायचं," निलमचा आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते तिनं पुसलं नाही. "आता माझं लगीन लावतील. मला काही रोग झालेला न्हाई बाई. मला त्यानं केलंय हे."

आकांक्षाची मान खाली गेली. गाडीत तासभर ती स्वतःला शिव्या देत बसली होती आणि त्या शिव्यांच्या आडून तो माणूस अलगद निसटून चालला होता. सही झाली असती तर पुरताच सुटला असता.

तिनं पर्समधून कागद काढला, उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि मांडीवर वही ठेवून त्यावर धरला.

"ही नोकरी जाईल माझी," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, तिलाच ठाऊक नव्हतं.

"जाईन," रुख्मिणीबाई खालून म्हणाली. "माझ्या पोरीचं गेलं तसं."

आकांक्षानं पेन उघडलं. "सांग निलम. पहिल्यापासून सांग. बुधवारी सकाळी फाटकातून आत आलीस तिथून. मी लिहिते, तू खाली सही कर." आणि तिनं लिहायला सुरुवात केली, 'बुधवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या मुख्याध्यापकांनी...'

निलम मान वाकडी करून वाचत होती. तिनं सलाईनचा हात उचलला आणि ओळीवर बोट आपटलं.

"मुख्याध्यापक नका लिवू. मुख्याध्यापक उद्या दुसरा येईन. त्याचं नाव लिवा."

आकांक्षानं ते खोडलं आणि त्याचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.