चांदी खाल्लेलं तेजाब

सिद्धेशचा पेपर छापून आल्याचं मला कळलं, ते अख्ख्या लॅबने पेढे खाल्ल्यावर. माझ्या वाट्याचा पेढा त्याने आठवणीने माझ्या टेबलावर ठेवला होता. नालायक!

तीन वर्षं मी एका पत्र्याच्या मागे लागले होते. सोनं आणि चांदी एकत्र वितळवून पातळ पत्रा करायचा, तेजाबात टाकून त्यातली चांदी काढून घ्यायची. मागे उरतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांनी भरलेलं सोनं. फ्युएल सेलमध्ये मेथॅनॉलपासून वीज करायला ते फार कामाचं. पण माझा पत्रा दर वेळी तडकायचा. तो अखंड निघाला की माझी पीएचडी, नाहीतर काही नाही. सिद्धेशचा विषय निराळा. तो माझा मित्र, खरं तर मित्राहून जास्त.

आणि त्याच्या पेपरात अखंड पत्रा! युक्ती दोन ओळींची: आधी वापरलेल्या, चांदी खाल्लेल्या तेजाबात पत्रा ठेवायचा, मग ताज्या. माझं नाव शेवटी आभारांत, भट्टी दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"चिडू नको ना यार, अक्षता. मला वाटलं तुला माहीत असणार. तुझ्या बाबांनीच दाखवलं."

बाबांचं घाटकोपरला गलाईचं दुकान आहे. जुने दागिने गाळून, तेजाबात घालून ते शुद्ध सोनं काढतात. मी तडक तिथे गेले.

"बाबा, सिद्धेशला जुन्या तेजाबाचं तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं की. दोन रविवार शेजारी बसवून करून दाखवलं."

"आणि मला? तीन वर्षं तुमच्यासमोर रडत होते मी!"

बाबांनी फडक्याला हात पुसले. त्यांना माझा राग कळलाच नव्हता.

"आपल्यात हे लेकीला देत नाहीत, बाळा. लेक परक्या घरी जाती. पोरगा चांगला वाटला, जावई होईल म्हणून त्याला दिलं. म्हटलं, त्याच्याकडनं तुला मिळंलच."

सिद्धेशसाठी माझ्याकडे शिव्या तरी होत्या. बाबांसाठी त्याही नव्हत्या.

"मग, लग्नाचं काय म्हणतोय तो?" बाबांनी हौसेनं विचारलं.

"त्याचं काम झालं, बाबा," मी म्हटलं.