पडू दिलेलं पान

"अहो, पान पडलं!" डबा उघडता उघडता काकू ओरडल्या.

काका तोंडातल्या घासासकट उठले, पान उचलून पोत्यात टाकलं आणि मग घास गिळला.

"घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत," काकू झाडाला म्हणाल्या, "तुझी पानं मात्र झेलतात!"

काकांचं कामच ते. इथे पूर्वी खाण होती. फोनपासून पंख्यापर्यंत सगळ्यात लागणारे दुर्मिळ धातू खाणवाल्यांनी मातीतून धुऊन नेले. उरलेलं विष मातीत मुरलं. गवतही उगवेना. मग धातू शोषणारी झाडं लावली. मुळांनी ओढायचं, पानांत साठवायचं. पण पान तिथंच कुजलं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पानं वेचून बंद भट्टीत धाडायला काका. पानं अशी जड, की एक पायावर पडलं तेव्हा पाहणीला आलेले साहेब आठवडाभर लंगडत होते. खोटं वाटत असेल तर साहेबांना विचारा. ते माझ्याहून वाढवून सांगतील.

त्या दुपारी माती तपासणाऱ्या बाई हसतच आल्या. "काका, माती स्वच्छ! आता झाडं काढायची."

"सगळी?" काकूंचा हात डब्यात थांबला. "हे एक राहू द्या की. याच्याखाली जेवता जेवता केस पिकले आमचे."

"कुंपण घालून एक ठेवता येईल. पण शोषलेलं विष त्याच्या अंगात आहे, पानं कायम वेचावी लागतील. काका म्हणतील तसं."

काका बराच वेळ खोडावरून हात फिरवत राहिले.

"मी आहे तोवर वेचीन. माझ्यामागे कोण? आपल्या वाटचं विष पचवलंय यानं. सुटू दे आता बिचाऱ्याला."

काकूंनी अबोला धरला. असा कडक, की घरातलं मांजरही खुणेनं दूध मागायचं. झाड गेलं, खड्डा बुजला, तेव्हा कुठे त्या तिथं लावायला माहेरून एक रोप घेऊन आल्या.

"हे काय शोषतं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. नुसती सावली देतं. सगळ्यांनीच कशाला राबायचं?"

सावली काकूंच्या मांडीएवढी झाली, तेव्हा एका दुपारी त्याचं पहिलं पिवळं पान पडलं. काका घासासकट उठले, वाकले. हात पोत्याकडे गेला. पोतं नव्हतंच.

"बसा हो," काकू म्हणाल्या. "जेवा."

काका बसले. थोड्या वेळानं पानाखालची माती किंचित हलली, गांडूळ असावं. काकांनी त्याला वाट मिळावी म्हणून पाय जरा आखडून घेतले.