थोरल्या सुनेचे सहा महिने

सकाळी पावांची गाडी आली तेव्हा लुयेन दुकानात गुणगुणत होती. चेक भाषेची परीक्षा ती पास झाली होती. दोन महिन्यांनी तिची या देशातली सलग पाच वर्षं भरणार होती, मग कायम राहण्याचा अर्ज. हा हक्क तिला केव्हाच मिळाला असता. पण मध्ये सासू अंथरुणाला खिळली, थोरली सून म्हणून तिला व्हिएतनामला धाडलं आणि सासूचं शंभराव्या दिवसाचं कार्य उरकूनच ती परतली. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की आधीची वर्षं पुसली जातात. तेव्हापासून प्रत्येक भांडणात नवरा, विन्ह, सुनावायचा, "माझ्या नावावर राहतेस इथं!"

तोच विन्ह आता फोन हातात घेऊन आत आला.

"बाबांना अर्धांगवायू झालाय. तुझं तिकीट काढतो."

"अहो, तुम्ही जा की. तुमचे कागद पक्के आहेत. दुकान मी बघते."

"मुलानं बापाचं हगणंमुतणं काढायचं? गाव तोंडात शेण घालेल! सून कशाला केली मग?"

त्यांची दहा वर्षांची लेक कारोलिना दप्तर भरता भरता म्हणाली, "पण आजोबा तुमचे बाबा आहेत ना?"

"गप गं, शहाणे!" मग बायकोकडे वळून तो नरमला. "धाकटीचं बाळंतपण झालं की ती बघेल. सहा महिन्यांच्या आत बोलावतो तुला. शपथ."

आमच्या व्हिएतनामी लोकांत यावर सुनेनं बोलायचं नसतं. लुयेन गेली.

धाकटी बाळंत झाली आणि माहेरीच राहिली. पाचवा महिना सरत आला तशी लुयेन फोनवर रडकुंडीला आली.

"बाबांना कुणाच्या जिवावर टाकून येतेस?" विन्ह म्हणाला. "एवढा काय जीव अडकलाय त्या कागदात?"

म्हातारा बिचारा गरीब स्वभावाचा. तिनं कूस बदलून दिली की डोळ्यांनीच आभार मानायचा. त्या संध्याकाळी सासूच्या फोटोपुढे उदबत्ती लावताना लुयेनच्या तोंडून निघून गेलं, "आई, बाबांना लवकर घेऊन जा." आणि ती स्वतःलाच घाबरली.

एका भल्या बाईच्या तोंडून जी रीत असलं मागणं वदवून घेते, तिला सेवा म्हणताना आपली जीभ कशी अडखळत नाही?

सहा महिने उलटले. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच पेज पुन्हा मागून घेतली.

"विन्ह... कधी येतोय?"

लुयेननं त्याची हनुवटी पुसली. "येतील हं, बाबा," ती म्हणाली आणि वाटी विसळायला गेली.