वीणेचा पहारा

कार्तिकातल्या सप्ताहाआधी महापालिकेच्या डॉक्टर वेदवती आमच्या विठ्ठल मंदिरात बैठक घ्यायला आल्या. बंगळुरात स्वाइन फ्लू येऊन ठेपला होता आणि म्हैसुरात साथ पसरायच्या आत पेठेपेठेनं तयारी करायची होती. बाई आमच्यासारखंच कन्नड मिसळलेलं मराठी बोलायच्या, म्हणून आम्हा शिंपी मंडळींना त्या घरच्याच वाटल्या.

तयारी अशी झाली की नाव ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यावरच्या शाळेत ताप तपासायची सोय केली. तीर्थ बंद, काल्याचा प्रसाद बंद, भजन संपल्यावरची गळाभेटही बंद. सप्ताहाला शेजारच्या नंजनगूडहून येणारी भजनी मंडळी यंदा बोलवायची नाहीत आणि ज्याला खोकला असेल त्यानं घरी बसायचं. मी ब्लाउज बाजूला ठेवून गल्लीभर पुरतील एवढे मास्क शिवले. आमचे यजमान, हणमंतराव, मास्क लावून अभंग म्हणून बघायला लागले, तेव्हा मी हसून हसून बेजार झाले.

वीणेचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. सप्ताहात आमच्याकडे वीणेचा पहारा अखंड चालतो. एकाच्या गळ्यातून निघाली की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये कुठं टेकवायची नाही. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की बैठकीत सांगायचं कुणाला सुचणार? शिवाय दुपारचे पहारे दरवर्षी नंजनगूडची मंडळीच घ्यायची, तेही सगळे विसरले.

साथ आली ती नेमकी सप्ताहात. आमचे म्होरके निवृत्तीभाऊ खोकायला लागले आणि शहाण्यासारखे घरी बसले. त्यांच्यामागोमाग आणखी कितीतरी जण बसले. मी दुपारी डबा घेऊन मंदिरात गेले तर यजमान एकटेच वीणा घेऊन उभे, सकाळपासून. डोळे लाल झालेले. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"अहो, ताप आहे. शाळेत चला."

"वीणा कुणाला तरी दे, मग येतो."

"कुणी आहे का इथं? ठेवा की खाली!"

"बेडा, नको शांता, तसलं बोलू नकोस."

मला असा संताप आला! माणूस कोसळला तरी चालेल, वीणा टेकायला नको. आमच्यात बायका वीणा घेत नाहीत. मी ती त्यांच्या गळ्यातून ओढली आणि माझ्या गळ्यात घातली. मग मात्र ते मुकाट्यानं निघाले. शेजारच्या वादिराजनं त्यांना रिक्षातून शाळेत नेलं.

कुणीतरी येईल, वीणा घेईल, मग मीही जाईन, असं म्हणत मी उभी राहिले. पण येणार कोण? धडधाकट होते ते हेब्बाळच्या कारखान्यांत कामावर, बाकीचे ठरल्याप्रमाणे दाराआड. तोंडानं विठ्ठल विठ्ठल म्हणत होते आणि मनात त्याच्याशीच भांडत होते. उन्हं कलली तेव्हा वेदवती धापा टाकत आल्या.

"शांताक्का, त्यांना मोठ्या हॉस्पिटलला हलवलंय. श्वास लागतोय. लगेच चला."

मी विठ्ठलाकडे एकदा पाहिलं. वीणा गळ्यातून काढली, त्याच्या पायांशी आडवी ठेवली आणि निघाले. काही झालं नाही. समईसुद्धा तशीच जळत होती.

हॉस्पिटलात मला दारातूनच बघू दिलं. तोंडावर ऑक्सिजन लावलेला, तरी त्यांनी तो बाजूला करून विचारलं, "वीणा कुणाकडे?"

"ज्याची त्याच्याकडे," मी म्हटलं.

त्यांना कळलं. माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. रागावले की सुटले, कोण जाणे. त्याच कुशीवर ते गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा बैठक झाली. वेदवतींनी सगळी तयारी वाचून दाखवली. आता तिच्यात वीणाही होती: वीणेकऱ्याला ताप आला तर वीणा देवापाशी ठेवावी. निवृत्तीभाऊंनी मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. एकानंही हरकत घेतली नाही.

"शांताक्का, सरी ना? ठीक आहे ना असं?" वेदवतींनी विचारलं.

"सरी," म्हटलं आणि मला रडू फुटलं. एवढं सोपं होतं, तर माझा माणूस भिंतीकडे तोंड करून का गेला?