कारण नमूद नाही

सकाळी सहापासून गोदामाच्या दारात रांग लागलेली होती. कुणी चादर लपेटून कुडकुडत होतं, कुणी कमरेवर हात ठेवून कण्हत होतं, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामा पेला होता. आत शेळ्या बांधलेल्या. दूधबाबा स्वतः धार काढत, पेला फेसाने भरत आणि तो तसाच कोमट रोग्याच्या तोंडाला लावत. याला विस्तव दाखवायचा नाही, असं ते बजावत; विस्तव लागला की म्हणे दुधातला प्राण उडून जातो.

पण पेला देण्याआधी ते एक प्रश्न न चुकता विचारत : ताप चढून किती दिवस झाले? चार-पाच दिवस म्हणणाऱ्याला हात हलवून परत पाठवत. "अजून पिकला नाही. दोन आठवड्यांनी ये." जे पंधरा दिवस तापून येत, त्यांनाच दूध मिळे, आणि तीन-चार दिवसांत त्यांचा ताप खरोखर उतरे. लोक बाबांच्या पाया पडून झालं की शेळ्यांच्याही पाया पडत. शेळ्या बिचाऱ्या रवंथ करत बघत राहत.

बाबांपाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला इस्पितळाचा एक कागद होता. तो उंच धरून ते म्हणत, "'ताप, कारण नमूद नाही.' शिक्क्यानिशी लिहून दिलंय. ज्या रोगाचं डॉक्टरांना नाव सापडत नाही, त्याचं औषध त्यांच्याकडे कुठून असणार?"

भिंतीशी उभ्या असलेल्या कोडताईने मान उंचावून कागद वाचला. ते शब्द तिच्याच हातचे होते.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, रेकॉर्ड रूममध्ये ती अकरा वर्षं काम करत होती. घरी गेलेल्या रोग्याची फाइल तिच्या टेबलावर यायची, डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ती ठरलेला कोड द्यायची. म्हणून सगळे तिला कोडताई म्हणत. फाइल दोन दिवसांत बंद झालीच पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. डॉक्टरांनी नुसतं 'ताप' लिहिलं की ती 'आर पन्नास', म्हणजे 'ताप, कारण नमूद नाही', टाकून मोकळी व्हायची. रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला मात्र दहा-पंधरा दिवस लागत. तो रिपोर्ट आला की शिपाई बंद फाइलच्या पाठीला टाचून ती मांडणीवर ठेवून द्यायचा. उघडून बघणं हे कुणाचंच काम नव्हतं. साहेबांचं नव्हतं, शिपायाचं नव्हतं आणि तिचंही नव्हतं.

गोदामात ती आली होती ती दादासाठी. दादा तिचा थोरला भाऊ, गाड्या दुरुस्त करणारा. आईवडिलांमागे त्यानेच तिला शिकवलं. इस्पितळातून तापासकट घरी आला आणि बाबांच्या दुधाने बरा झाला. आज बाबांनी त्याला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. पण वहिनीने कोडताईला गाठून हळूच सांगितलं होतं, की उशी घामाने भिजतेय, पाना उचलताना पाठ धरतेय, आणि विचारलं तर हे अंगावर धावून येतात.

दुसऱ्या दिवशी तिने मांडणी उपसली. तीन महिन्यांतल्या 'आर पन्नास'च्या फाइली काढल्या आणि प्रत्येकीचं शेवटचं पान उलटलं. चौदा रिपोर्टांवर एकच जंतू होता, ब्रुसेला. आजारी शेळ्या-गाईंच्या कच्च्या दुधातून माणसात येणारा. दादाचा रिपोर्ट तिसराच होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

तापाच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला. हा ताप लाटेसारखा, त्या म्हणाल्या. दोनेक आठवडे चढतो, आपोआप उतरतो, पुन्हा येतो. सहा आठवडे दोन औषधं घेतली तर जातो. नाही घेतली तर मणक्यात, सांध्यांत, हृदयातसुद्धा जाऊन बसतो. चौदाही जणांना निरोप गेले. तेरा जण आले. दादाने निरोप्याला दारातूनच पिटाळलं.

पुढच्या रविवारी कोडताई डॉक्टरीणबाईंना घेऊन गोदामाच्या मागच्या दाराने शिरली. तिथे शेगडीवर पातेलंभर दूध उतू चाललं होतं. हे कुणाचं, असं तिने विचारल्यावर स्वयंपाकीणबाई सहज बोलून गेली, "बाबांचं. त्यांना कच्चं सोसत नाही."

पुढे बाबा कागद फडकावत होते. कोडताई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तो कोड मी दिलाय," ती म्हणाली. "त्याचा अर्थ कारण नाही असा नाही. कारण तेव्हा कळलं नव्हतं, एवढाच. नंतर कळलं आणि मी फाइल उघडली नाही. चूक माझी आहे."

बाबा गोड हसले. बाई इस्पितळाच्या पगारी आहेत, असं त्यांनी लोकांना समजावलं.

"आहेच," ती म्हणाली. "आता एकच विचारते. उतरलेला ताप ज्यांना पुन्हा आला, त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. ताप परतला म्हणजे मनात शंका आली, अशी बाबांची शिकवण. मग कबूल कोण करणार? ती दादाकडे बघत राहिली. त्याच्या ओठांवर घाम होता. त्याने पाठीवरचा हात काढून वर केला.

"तीनदा आला," दादा म्हणाला. "मला वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडली."

मग एकेक करत निम्म्या गोदामाचे हात वर झाले. डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत सगळं उलगडलं : पहिला ताप कुठल्यातरी कच्च्या दुधातून येतो, उतरणीला लागलेलाच ताप बाबा निवडतात, ताप आपल्या वेळेने उतरतो, श्रेय पेल्याला जातं, आणि जंतू मात्र त्याच पेल्यातून पुन्हा पोटात जातो. शंका असेल त्याने आत जाऊन बाबांचं पातेलं बघावं. लोक गेले, बघून आले. तोवर बाबांना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं होतं.

शेळ्यांची तपासणी झाली. नऊ आजारी निघाल्या. चौदा फाइलींवर ब्रुसेलाचा कोड 'ए तेवीस' लागला, आणि उशिरा आलेला रिपोर्ट उघडून वाचण्याचं काम कोडताईने मागून घेतलं. दादाने औषधं घेतली. ताप गेला. पण पाठ पूर्वीसारखी सरळ झाली नाही. बाबांच्या पायाशी घालवलेले तीन महिने मणक्याने धरून ठेवले.

म्हणून सांगायचं ते एवढंच. दूध उकळून प्या. ताप उतरला तरी रक्त तपासा, आणि रिपोर्ट मागून घ्या, वाचून घ्या. आणि आजार परतला की आधी औषध देणाऱ्याला जाब विचारा, स्वतःच्या श्रद्धेला नव्हे.